दाराबाहेरची भुरी

निफाड तालुक्यातली थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे डिसेंबर-जानेवारीत रोज पेपरात छापून येतं आणि एखाद्या वर्षी तो आकडा ५ अंशांच्याही खाली जातो. मुलांचे अब्बू फज्रच्या नमाजला निघतात तेव्हा गावाबाहेरच्या द्राक्षबागांतून धूर वर येत असतो. कडाक्याच्या गारठ्यानं द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी रात्र-रात्र जागून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. आमच्या गावात थंडीचा विषय निघाला की तो द्राक्षांपासून सुरू होतो आणि द्राक्षांवरच संपतो. आमच्या घरातही तसंच होतं. कुत्र्यांना थंडी वाजत असेल, हा विचार आमच्या मनात कधी आलाच नव्हता.

ही दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरामागं एक बोळ आहे. बोळापलीकडं एका घराचं बांधकाम अर्धवट पडलं होतं आणि त्याच्या दारात वाळूचा ढीग होता. गल्लीत फिरणारी एक भुरकट कुत्री त्या वाळूत खड्डा करून व्यायली. पोरं तिला भुरी म्हणायची. पाच पिलं झाली. आमच्या मुलांनी येता-जाता डोकावून पाहिलं, आम्ही ‘लांबूनच बघा’ असं बजावलं आणि विषय तिथंच संपला. आपल्या घरांतून कुत्र्याचा विषय फार लांबवायचा नसतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

इशानंतर बोळातून पिलांचं कुईकुई ऐकू यायचं. ‘आई आहे ना त्यांच्याजवळ,’ असं एकमेकांना सांगून आम्ही रजया अंगावर ओढल्या. दुसऱ्या रात्रीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी फज्रहून परतताना मुलांच्या अब्बूंनी वाळूकडं पाहिलं, तर दोन पिलं लाकडासारखी ताठ झाली होती. भुरी त्यांना चाटत होती. अब्बूंनी ती पिलं एका पिशवीत घालून गावाबाहेर नेऊन पुरली आणि मुलांना काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. पण मुलं मोजतात. पाचाची तीन झाली, हे धाकटीनं शाळेतून आल्याबरोबर ओळखलं.

धाकटी तेव्हा तिसरीत होती. संध्याकाळी मकतबला जायची. तिथं नेमकी त्याच आठवड्यात तहानलेल्या कुत्र्याची हदीस झाली होती. वाचकांना ती माहीत आहेच. वाटेनं जाणारा एक तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी पितो, वर आल्यावर त्याला तहानेनं ओली माती चाटणारा कुत्रा दिसतो, तो पुन्हा विहिरीत उतरतो, आपल्या मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाहला त्याचं हे काम आवडतं आणि त्याचे गुन्हे माफ होतात. प्रत्येक जिवंत जिवाशी केलेल्या भलाईचा मोबदला आहे, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तेव्हा सांगितलं. धाकटीनं ही गोष्ट आम्हाला पुन्हा सगळी सांगितली आणि म्हणाली, “तो माणूस विहिरीत उतरला होता. आपण तर जिनासुद्धा उतरलो नाही.”

हीच गोष्ट आम्ही वर्गात कितीतरी वर्षं सांगत आलो आहोत. उर्दूच्या तासाला सांगितली, मराठीत भूतदयेवरचा निबंध लिहून घेताना सांगितली. सांगताना आवाजात चढउतारही आणतो. त्या दिवशी मात्र तोंडातून शब्द फुटेना.

त्या रात्री आम्ही जिना उतरलो. पण कुत्र्याबद्दल काडीची माहिती नसताना उतरलो, आणि त्याचा भुर्दंड एका पिलाला बसला. एक जुनी गोधडी घडी करून वाळूवर पसरली, पिलं तिच्यावर ठेवली, वरून दुसरी घडी पांघरली. आपल्याला रजईत ऊब येते, तशी त्यांनाही येईल असं वाटलं. पहाटे पाहिलं तर दवानं आणि पिलांच्या मुतानं गोधडी चिंब झाली होती आणि हात लावला तर बर्फासारखी गार. त्यातलं एक पिलू अगदीच मलूल पडलं होतं. थोरल्यानं घाईनं गाईचं दूध आणलं, आम्ही ड्रॉपरनं ते त्याच्या तोंडात सोडलं. त्यानं दोन-तीन थेंब घेतले, बाकीचं नाकातून बाहेर आलं. दुपारपर्यंत ते गेलं.

उरलेली दोन वाचवायची तर कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. थोरला आणि त्याचे अब्बू गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हशी-गाईंच्या गर्दीत होते, पण त्यांनी वेळ दिला. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या गल्लीत या दिवसांत कुत्री व्यायली असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

नुकत्या जन्मलेल्या पिलाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. डोळे उघडायलाच दहा ते चौदा दिवस लागतात, आणि पहिले काही दिवस तर त्याला धड कुडकुडताही येत नाही. आईच्या पोटाची आणि एकमेकांना चिकटून मिळणारी, एवढीच त्याची ऊब. म्हणून एखादं पिलू बाजूला पडलं की ते गारठतं. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यायची, मग दूध. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत. दूध पचत नाही, गिळताही येत नाही आणि ते फुप्फुसात उतरू शकतं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. ऊबही हळूहळू द्यायची. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवायची किंवा कापडात घेऊन आपल्या अंगाशी धरायचं. शेकोटीजवळ नेऊन एकदम तापवायचं नाही. गाईचं दूधही पिलांना सोसत नाही, जुलाब होतात. आई जवळ असेल तर पिलू उबदार करून तिच्या थानाला लावणं हाच खरा उपाय.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती आमच्या डोक्यात कधीच आली नसती. म्हणाले, “पिलांना ऊब द्यायची ना? मग आईला खाऊ घाला.” भुरी रात्री पिलांना सोडून का जात होती, तर पोटासाठी. हॉटेलं बंद होतात, कोंबडीवाला दुकान झाडतो, तेव्हाच तिला काही मिळायचं. ती तासभर गेली की पिलं उघडी. तिला जागेवर पोटभर मिळालं तर ती उठणारच नाही, आणि तिच्याएवढी उबदार गोधडी जगात नाही. थंडीत अंग गरम ठेवायला कुत्र्याला एरवीपेक्षा जास्त खाणं लागतं. पिलं पीत असतील तर त्याहूनही जास्त.

त्या दिवसापासून इशाच्या आधी बाजरीची भाकरी कोमट पाण्यात कुस्करून, त्यात कोंबडीवाल्याकडून आणलेले पाय आणि काळीज उकडून, मीठ-मसाला न घालता भुरीला मिळू लागलं. कोंबडीची शिजवलेली हाडं मात्र द्यायची नाहीत, ती टोकदार तुटतात आणि घशात-पोटात रुततात. कांदाही नाही. पाणी पहाटे थंडगार होतं, म्हणून सकाळी बंबातलं कोमट पाणी भांड्यात ओतायचं.

आता राहण्याची सोय. द्राक्षबागेत औषधं कालवायला वापरतात तसला निळा प्लास्टिकचा ड्रम आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिला, पण तो आम्ही परत केला. औषधाचा वास धुऊनही जात नव्हता. मग तेलवाल्याकडून रिकामा ड्रम आणला, साबणानं धुऊन वाळवला आणि आडवा करून चार विटांवर बसवला. जमिनीचा गारवा वरच्या हवेपेक्षा जास्त खातो, म्हणून खाली मोकळी जागा हवी. तोंडाला पूर्ण उघडं न ठेवता आत जाण्यापुरतंच भोक कापलं आणि कडा फाइलनं घासून घेतल्या. भोकावर गोणपाटाचा पडदा सोडला. वारा उत्तरेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिण-पूर्वेला केलं, म्हणजे सकाळचं ऊनही थेट आत पडतं. जागा मोठी हवी असं आम्हाला वाटत होतं. पण कुत्र्याला वळून बसता येईल एवढीच जागा पुरे. मोठी जागा त्याच्या अंगाच्या उबेनं तापत नाही.

आत काय घालायचं, हा धडा गोधडीनं शिकवलाच होता. कापड ओल धरून ठेवतं. गव्हाचं वाळकं काड घातलं तर कुत्री त्यात घर करून बसते, मधल्या पोकळीत ऊब राहते आणि ओलं झालं की मूठभर काढून नवं घालता येतं. थोरल्यानं शाळेच्या प्रकल्पातला उरलेला थर्माकोल आत लावला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा भुगा झाला आणि भुरीच्या तोंडाभोवती पांढरे कण चिकटलेले. तेव्हापासून थर्माकोल बाद.

हे सगळं लिहिताना सोपं वाटतं. पण ड्रम बोळात नुसता नेऊन ठेवला, असं झालं नाही. मधे अम्मी होत्या.

अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं. पाच वेळच्या नमाजबरोबर तहज्जुदही चुकवत नाहीत. पहिल्या दिवशी थोरला गारठलेलं पिलू जॅकेटमध्ये धरून दारात आला, तेव्हा त्या मुसल्ल्यावरूनच ओरडल्या. “घर में नको! फरिश्ते नहीं आते.” त्यांचा राग खोटा नव्हता. ज्या घरात कुत्रा असेल तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस त्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, आम्हीही ऐकली आहे. या वयात नमाज हीच त्यांची कमाई. कपड्याला काही लागलं असेल या शंकेनं ती वाया जावी, हे त्यांना कसं सोसेल? आम्ही शिकलेली माणसं अशा वेळी वडीलधाऱ्यांना पटकन ‘जुन्या विचारांच्या’ ठरवून टाकतो. ते आम्ही केलं नाही, कारण खरं सांगायचं तर तीच शंका आमच्याही मनात होती.

त्यात आमचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे शाफई. सासर हनफी. माहेरी कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची आणि त्यातला एक वेळ मातीच्या पाण्यानं, हे बालपणापासून अंगवळणी पडलेलं. सासरी लाळ लागली तर धुतात, पण मातीचा आग्रह नाही. लग्नानंतर वीस वर्षांत हा फरक कधी कामाला आला नव्हता. तो भुरीनं काढला.

मग मुलांचे अब्बू मशिदीतल्या मौलानासाहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मौलानांनी आधी पिलं जगली का ते विचारलं, मसला नंतर सांगितला. हनफी मतानं कुत्र्याची लाळ नापाक आहे. पण त्याचं कोरडं अंग कपड्याला लागलं म्हणून कपडा नापाक होत नाही. लाळ लागली तर तेवढा भाग धुवून टाकावा. शाफईंचं मत जास्त कडक आहे, मालिकींचं सगळ्यांत सैल. प्रत्येकानं आपापल्या मतावर चालावं, त्यावरून घरात भांडू नये. शौक म्हणून कुत्रा घरात पाळणं वेगळं, आणि शिकारीसाठी, गुराढोरांसाठी, शेताच्या राखणीसाठी ठेवणं वेगळं. दुसऱ्याची परवानगी खुद्द हदीसमध्ये आहे, आणि शिकवलेल्या कुत्र्यानं पकडलेल्या शिकारीचा उल्लेख कुरआनातही आहे. गल्लीतल्या उपाशी, गारठलेल्या जनावराला दाराबाहेर आसरा देणं म्हणजे कुत्रा पाळणं नव्हे. ते सवाबचं काम. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचं काय झालं, तेही आठवा, असं म्हणाले.

अम्मींनी हे ऐकून घेतलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आम्ही घरात नियम बांधले. मागच्या दाराबाहेर एका खिळ्यावर जुना शर्ट आणि एक जुना झगा टांगला. भुरीचं काम करायचं तर तेच घालायचे, आणि ते घालून उंबरठा ओलांडायचा नाही. तिची भांडी बोळातच राहतील, घरातल्या मोरीत येणार नाहीत. खाऊ घालणं इशाच्या वजूच्या आधी. नळाजवळ एका पत्र्याच्या डब्यात चाळलेली स्वच्छ माती ठेवली. ती फक्त आमच्यासाठी. अम्मी तो डबा बघून कितीतरी दिवसांनी हसल्या. “कोकणी बहू,” म्हणाल्या. थोरला मात्र सरळ नळाखाली हात धरतो आणि आम्ही काही बोलत नाही.

ड्रमसाठी जागा तरी कुठं? बोळात पाण्याचा लोट येतो. मागच्या दाराच्या पायरीशी ठेवावा असं आमच्या मनात होतं, पण अम्मींना विचारायचं धाडस होईना. शुक्रवारी सकाळी अम्मी नेहमीप्रमाणे सूरह कहफ पढत होत्या. धाकटी शेजारी बसलेली. मागच्याच शुक्रवारी त्यांनी तिला गुहेतल्या त्या तरुणांची गोष्ट सांगितली होती. तीनशे वर्षं झोपलेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा. धाकटीनं विचारलं, “दादी, तो कुत्रा गुहेच्या आत होता का बाहेर?” अम्मींनी बोट ठेवून तर्जुमा पाहिला. पुढचे दोन्ही पाय पसरून तो गुहेच्या चौकटीपाशी बसलेला होता, असं तिला सांगितलं. धाकटी म्हणाली, “म्हणजे आपल्या पायरीसारखं?” अम्मी काही बोलल्या नाहीत. पढणं पूर्ण झालं, कुरआन गिलाफात ठेवलं, आणि मग थोरल्याला हाक मारून म्हणाल्या की तो ड्रम पायरीच्या डाव्या अंगाला ठेवा, उजवीकडं चपला असतात.

त्यानंतर पहाटेच्या बाटल्या कोण भरतं हे आम्हाला दोन-तीन दिवस कळलंच नाही. अम्मी तहज्जुदला उठतात तेव्हा वजूसाठी बंब पेटवतात. त्याच पाण्यानं त्या दोन बाटल्या भरत, फाटक्या मोज्यांत घालत आणि मागचं दार किंचित उघडून पायरीवर ठेवत. आत सरकवायचं काम थोरल्याचं. त्यांनी भुरीला आजवर हात लावलेला नाही आणि लावणारही नाहीत.

शेजारच्या खालांचं वेगळं होतं. त्यांचा नातू तीन वर्षांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्ही कुत्र्याला दारात बसवलंत, उद्या माझ्या पोराला चावलं तर? आम्ही त्यांना समजावलं, जरा शिक्षकी थाटातच. आणि दहा-बारा दिवसांनी तेच झालं. नातू पिलू उचलायला वाकला आणि भुरी त्याच्या पोटरीवर झेपावली. दात घुसले नव्हते, नुसता ओरखडा होता. पण पोर किंचाळलं आणि खालांनी आमच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. ओरखडा नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतला आणि तसंच सरकारी दवाखान्यात नेऊन सुया सुरू केल्या. ओरखड्यालाही रेबीजची लस घ्यावीच लागते, एवढुसं आहे म्हणून सोडून चालत नाही. मुलांचे अब्बू प्रत्येक सुईला नातवाला स्कूटरवर घेऊन गेले. पिलं असलेल्या कुत्रीजवळ लहान मूल जाऊ शकतं, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं. खालांची भीती बरोबर होती आणि चूक आमची होती. पायरीभोवती जाळी त्या दिवशी लागली. ती आधीच लागायला हवी होती.

जाळीनंतर लसीकरण. भुरीला रेबीजची लस टोचली, पिलं तीन महिन्यांची झाल्यावर त्यांनाही. नसबंदीसाठी किती चकरा मारल्या ते सांगत बसत नाही, कार्यालयाचं नावही घेत नाही. पण ती व्हायलाच हवी होती. पावसाळा सरता सरता कुत्र्या माजावर येतात, गाभण राहिल्या की साधारण ६३ दिवसांनी वितात. म्हणजे पिलं जन्माला येतात ती बरोबर थंडीच्या तोंडावर. ड्रम आणि काड एका कुत्रीला पुरतं. दरवर्षी पाच-सहा पिलांना कोण पुरं पडणार? पिलं दूध तोडून दोन महिन्यांची झाली, मग भुरीची शस्त्रक्रिया झाली. तिच्या एका कानाला आता छोटी खाच आहे. तीच नसबंदीची खूण.

थंडीत कुत्री कुठं कुठं ऊब शोधतात, हे आता आमच्या डोळ्यांना दिसू लागलं आहे. बेकरीच्या भट्टीची जी बाहेरची भिंत आहे, तिला रात्री तीन-चार कुत्री पाठ लावून बसतात. बेकरीवाले चाचा त्यांना हाकलत नाहीत. शेकोटी विझली की तिच्या राखेत जाऊन झोपतात आणि खाली निखारा राहिलेला असला तर पंजे भाजून घेतात. म्हणून आमच्या गल्लीतली पोरं आता उठताना राखेवर पाणी मारतात. नुकत्या थांबलेल्या रिक्षा-जीपखाली शिरतात, कारण इंजिन गरम असतं. थोरला सकाळी गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर थाप मारत जातो. दोघा-तिघा ड्रायव्हरांना तो वेडा वाटला होता, आता तेही मारतात. थंडीत कुत्र्याला अंघोळ घालू नये, हेही सांगायचं राहिलं. माखलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसावं.

वाचलेल्या दोन पिलांपैकी एक नर होता, तो एका शेळीवाल्या मामूंनी राखणीला नेला. नांदूरमध्यमेश्वरच्या रस्त्याला त्यांचा वाडगा आहे. गेल्या महिन्यात आम्ही तिकडून जात होतो, तर तो धिप्पाड झालेला, आम्हाला ओळख न देता भुंकत सुटला. मामू म्हणाले, रात्री शेळ्यांच्या मधोमध जाऊन झोपतो, त्याला कसली थंडी. दुसरी मादी भुरीजवळच राहिली होती. पावसाळ्यात हायवेला गाडीखाली गेली. धाकटीनं ते आम्हाला सांगितलं. आम्ही तिला सांगायचं कसं या विचारात होतो.

यंदा थंडी दिवाळीनंतर लवकरच पडली. खालांच्या नातवाच्या आईनं ड्रमच्या पडद्यासाठी तांदळाची रिकामी गोणी पाठवली. निरोप नव्हता, नुसती गोणी. थोरल्यानं जुनं काड काढून जाळलं, ड्रम उन्हात वाळवला, विटा पुन्हा समपातळीत बसवल्या. भुरी तेवढा वेळ बोळात उभी राहून बघत होती. ड्रम जागेवर आला तरी आत गेली नाही. पायरीवर, चौकटीला लागून, पुढचे पाय पसरून बसली. अम्मी असरची नमाज आटोपून आल्या, दाराच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाल्या, “बोरी ओली तो नहीं है ना? हात लगा के देखो.”